आग्रा रोडवर अक्काला दिसलं

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाचा कप उचलून सरळ आत जातो. जळगावला मेहरूणमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे. कुणाला किती दिसतं हे रोज मशीनवर बघणारा माणूस मी! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण घडलंय खरं.

अक्का माझी थोरली बहीण. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले, त्याला अकरा वर्षं झाली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे गिऱ्हाइकांना मीच बजावत असतो. तेव्हापासून ती माझ्याकडे असते आणि घराबाहेर पाऊल टाकत नाही. आम्ही मूळचे धुळ्याचे, गल्ली नंबर चारमधले. गेल्या दिवाळीआधी तिने अचानक हट्ट धरला, "माले आग्रा रोड देखना शे."

"देखना?" मी चिडवलं. "ऐकना शे म्हण!"

ती हसली नाही. दोन दिवस नीट जेवलीही नाही. शेवटी नेलं बाईसाहेबांना धुळ्याला.

सकाळचे अकरा. आग्रा रोडवर पाचकंदील चौकापाशी रिक्षातून उतरलो. हातगाड्या, हॉर्न, दिवाळीची गर्दी... तिचा हात मी घट्ट धरलेला. वीसेक पावलं गेलो असू — ती थबकली.

"मना हात सोड."

"अगं, पडशील!"

"सोड रे भाऊ."

आणि ती चालायला लागली. वाटेत कुणीतरी आडवी लावलेली मोटरसायकल होती, तिला वळसा घालून! मग मान वर करून म्हणाली, "वर देख, पिवयी गोधडी टांगेल शे."

मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर पिवळी गोधडी. आता गोधडीला ना वास, ना आवाज!

ती माझ्याकडे वळली. थेट डोळ्यांत बघत म्हणाली, "तुना केस बठ्ठा पांढरा व्हई गयात रे! माले सांगं बी नही?"

भर रस्त्यात मला रडू फुटलं. लोक बघत होते, बघू देत.

"अक्का, रोड बघ ना! ती साड्यांची दुकानं बघ," मी घाई केली. कोण जाणे किती वेळ मिळालाय!

"रोड ऱ्हाऊ दे. तू हलू नको." दोन्ही हातांत माझा चेहरा धरून ती बघतच राहिली. "आते तुनं तोंड अगदी मायनं तोंड शे."

मग तिने पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि हात पुढे केला — चाचपत. "चाल, धर माले."

संध्याकाळी दुकानात तिच्या डोळ्यांवर उजेड मारून पाहिला. बाहुली हललीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, भास असेल. कुणाला? गोधडी तर मीही पाहिली होती. याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही.

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. तिचा एकही फोटो नाही. हल्ली दाढी करताना आरशापुढे मी जरा जास्तच वेळ उभा राहतो.