आईने फोडलेलं पाकीट
पोस्टात लाख वितळल्याचा वास आला की मला पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या आमच्या ओट्यावरची ती दुपार आठवते. परदेशात इंग्रजीतून एम.एस. करायला मी अर्ज करत होते. तिकडच्या विद्यापीठाला माझी गुणपत्रकं कॉलेजने लाख लावून बंद केलेल्या पाकिटातच हवी होती. पाकीट फुटलं तर अर्ज बाद, आणि ते कुरियरला द्यायला दोनच दिवस उरले होते. समोर बोंबील वाळत होते, आईच्या हातांवर खवलं चमकत होती. तिने पाकीट उलटंपालटं केलं. "आत काय लिवलंय?" "माझे मार्क." "तू बगितलंस?" "बघायचं नसतं, आई." "तुजे मार्क, नि तूच बगायचे नाय? बंद पाटीतला मावरा कोन घेतं गं?" शेजारच्या मासळीच्या पाटीकडे बोट करत ती म्हणाली. मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात तिने कोयत्याच्या टोकाने लाख उडवली. मला रडूच फुटलं. मग कागद काढले, तर शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक दोन विषयांत नापास झालेल्या दुसऱ्याच कुणाचं तरी. दुसऱ्या दिवशी कॉलेजातला कारकून आम्हीच चोर असल्यासारखं आमच्याकडे बघत म्हणाला, "सील कुणी तोडलं?" "मी तोडलं," आई म्हणाली, "आता नवा बनवा, नि माज्यासमोर बंद करा." घरातली पहिली पदवीधर मी, पण पाकीट तपासलं तिने. परवा माझं एम.एस.चं प्रमाणपत्र आलं. मी पाकीट तसंच तिच्यापुढे ठेवलं, आणि कोयता आणायला आत गेले.