बी.कॉम.ची दुसरी तुकडी

आमच्या कॉलेजात पगाराविषयी मोठ्याने कोणी बोलत नसे, पण कोणाला किती मिळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शिपायाने हाक मारली की आम्ही एकेक करून ऑफिसात जायचो, पगारपत्रकावरच्या तिकिटावर सही करायचो आणि परत येऊन काही झालंच नाही अशा चेहऱ्याने वर्तमानपत्र उघडायचो. मराठीचे सर तेवढा वेळ व्हरांड्यात उभे राहत. त्यांना त्या दिवशी हाक येत नसे.

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं ते वाणिज्य महाविद्यालय अगदी नवं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तिथे हिशेबशास्त्र शिकवायला लागलो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा भंडाऱ्याच्या एका कारखान्यात पाण्याच्या पितळी गुंड-घागरींना झिलई द्यायचे आणि पोरगा प्रोफेसर झाला असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. माझ्या नेमणुकीच्या आदेशावर मात्र अधिव्याख्याता असं लिहिलेलं होतं. त्याच्या वर प्रपाठक, त्याच्याही वर प्राध्यापक, आणि ही मंडळी नागपूरला विद्यापीठात असतात, हे मी बाबांना एकदा समजावून पाहिलं. ते म्हणाले, "पोरं तुले सर म्हणतेत ना? मंग झालं."

आमच्याकडे प्राचार्य सोडले तर सगळे एकाच पायरीवर होतो. तरी त्या पायरीवरही विषयाप्रमाणे फरक पडायचा. हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, व्यापारी कायदा यांना आठवडाभर पुरतील इतके तास होते. म्हणून आम्हाला सातशे-सोळाशेची श्रेणी, महागाई भत्ता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही पगार मिळायचा. कॉमर्सच्या कॉलेजात मराठीला तास मोजकेच. तेवढ्यावर पूर्ण पद मंजूर होत नव्हतं. मराठीचे सर माझ्याहून वयाने मोठे, एम.ए.ला पहिल्या वर्गात आलेले, घरी बायको आणि दोन मुली. पण ते तासांवर होते. घेतले तितक्या तासांचं मानधन, तेही कधी दोन-तीन महिन्यांनी. सुट्टी लागली की तेही बंद.

मी शिकवायला शिकलो ते त्यांच्यामुळे. पहिल्या वर्षी मी इंग्रजी पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी फळ्यावर उतरवायचो आणि मुलं खिडकीबाहेर बघायची. एकदा वर्ग सुटल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, घरी बाबांना हे सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतं? मग तसंच सांगा. दुसऱ्या दिवशी मी नावे आणि जमा भांड्यांच्या दुकानावरून सांगितलं, आमच्याच बोलीत. मुलं पहिल्यांदा हसली आणि मग लिहायला लागली. माझ्या विषयाला तास होते म्हणून मला पद होतं. पण त्या तासांना काही अर्थ आला तो त्यांच्या एका प्रश्नामुळे.

एका उन्हाळ्यात प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं की यंदा मुलं वाढली आणि पहिल्या वर्षाची दुसरी तुकडी निघाली, तर भाषेचे तास दुप्पट होतील. मग पूर्ण पदाचा प्रस्ताव ते स्वतः नागपूरला विद्यापीठात घेऊन जाणार होते. सरांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण चहा तसाच निवून गेला. बारावीचा निकाल लागताच आम्ही दोघे गावोगाव निघालो. तेव्हा नव्या कॉलेजांची अशीच रीत होती. मास्तरांनीच मुलं गोळा करून आणायची.

सिहोऱ्याच्या बाजूला आम्ही चार-पाच दिवस फिरलो. शेतांत धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायची गडबड होती. तिकडे बऱ्याच घरांत पोवारी बोलतात, ती मराठीपेक्षा हिंदीला जवळची. सरांचं आजोळ मध्य प्रदेशातलं, बालाघाटकडचं, त्यामुळे ते बांधावर उभे राहून हिंदीत सुरू झाले की दोन मिनिटांत माणसं भोवती जमायची. मी मागे उभा राहून बँकेतल्या नोकऱ्यांविषयी तेवढं बोलायचो.

एका म्हाताऱ्या आजोबांचा नातू पास झाला होता. आजोबांनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि तांब्याने पाणी दिलं. म्हणाले, "हिसाब तं राइस मिलचा मुनीम बी करते जी. तो सातवी नापास आहे. त्याले कॉलेज कायले लागते?"

सर म्हणाले, "इसीलिए तो मिलवाला खुद दुबारा गिनता है, बाबूजी."

ओट्यावरची सगळी माणसं हसली. नातू तर सरांकडे असा बघत होता की त्याचा प्रवेश तिथेच झाल्यासारखा होता. मग आजोबांनी, जावई बघायला आल्यासारखं, मला पगार विचारला. मी सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि सरांकडे वळले. "अन् तुमाले?"

सर हसत म्हणाले, "ये सालदार हैं, मैं रोजदार."

आजोबा हसले नाहीत. वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालदार आणि रोजीने बोलावलेला माणूस यांतला फरक त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी थोडा वेळ आम्हा दोघांकडे पाहिलं आणि घरात हाक मारून सरांसाठी पोहे करायला सांगितले. मला वाटतं, नातवाला त्यांनी पाठवलं ते माझ्या बँकेसाठी नव्हे.

त्या सगळ्या फिरतीत मराठीचं नाव आम्ही एकदाही काढलं नाही. कॉमर्समध्ये भाषेचं कोणी विचारत नव्हतं. विचारत होते ते हिशेबाचं, नोकरीचं, एसटीच्या पासचं. सर काय शिकवतात हे कोणाच्या मनातही आलं नाही, आणि ते आपणहून सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मुलं आली. इतकी आली की जुलैमध्ये दुसरी तुकडी उघडली. सरांनी त्या दिवशी सगळ्या स्टाफला आलूबोंडे खाऊ घातले. पेढे आदेश आल्यावर, म्हणाले.

भाषेच्या पहिल्या तासाला ते वर्गात गेले तेव्हा समोर नेहमीएवढीच मुलं होती. सिहोऱ्याकडची मुलं शेजारच्या खोलीत बसली होती. एरवी हिंदी घेणारी दोन-चारच असत; पण प्रवेशाच्या वेळी मराठी की हिंदी असं ऑफिसातल्या बाबूंनी विचारलं, तेव्हा या मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांनी हिंदी घेतली होती. मी त्या नातवाला गाठून विचारलं, मराठी शाळेत शिकलास आणि हिंदी काहून घेतली?

तो म्हणाला, "ते सर हिंदी शिकवतेत ना जी? आमच्या गावातल्या साऱ्याच पोरांनी त्यांच्यासाठीच घेतली."

प्राचार्यांनी खटपट केली. पण नावनोंदणी विद्यापीठाकडे गेली होती, आणि तास ज्या विषयाचे वाढले पद त्याच विषयाला मिळणार हा नियम होता. दिवाळीआधी हिंदीची जाहिरात निघाली आणि नागपूरचा एक तरुण सातशेच्या श्रेणीवर रुजू झाला. भला माणूस होता. त्याला खोली सरांनीच शोधून दिली.

पुढच्या जूनमध्ये सरांनी एका हायस्कुलात नोकरी धरली. बी.एड. झालेलं होतंच. श्रेणी आमच्याहून बरीच खालची, पण बारा महिने मिळणारी. मोठी मुलगी आठवीत गेली होती. आता उन्हाळे काढणं जमत नाही, एवढंच ते मला म्हणाले. एसटी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून वाकून सांगितलं, "त्या पोरांना कधी सांगू नका. माझ्यासाठीच घेतली ना त्यांनी हिंदी."

पुढे सुधारित वेतनश्रेण्या आल्या. माझा पगार मला स्वतःलाच खरा वाटेना इतका वाढला. बाबांनी तो ऐकला आणि मला पुन्हा एकदा सांगायला लावला. त्या नोकरीने मला घर दिलं, बहिणींची लग्नं दिली. तिच्याविषयी तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही. पण सिहोऱ्याची ती मुलं तीन वर्षं माझ्यासमोर बसली आणि त्या तीन वर्षांत मी वर्गात शिरताना नेहमी आधी दुसरीकडेच बघायचो.

त्यांच्यातला एखादा अधूनमधून विचारायचा, "ते सर काहून गेले जी?"

त्यांना घराजवळ नोकरी लागली, मी सांगायचो. त्यांची शाळा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, देवरीच्या पलीकडे, जंगलाला लागून होती, आणि बायको-मुली इथेच भाड्याच्या खोलीत राहत होत्या.