हरलेल्या खटल्यांचे सर

सर वर्गात जिंकलेले खटले शिकवत नसत. परीक्षा तोंडावर आलेली असायची, आम्ही रडकुंडीला आलेलो असायचो आणि सर कुणीतरी सपाटून हरलेल्या दाव्याचा निकाल उघडून बसलेले. "जिंकलेला खटला कुणीपण वाचतो की," ते म्हणत, "पुढची वाट हरलेल्यात सापडते." सोलापूरच्या त्या संध्याकाळच्या लॉ कॉलेजात आम्ही त्यांना 'हरलेले सर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

त्यांचा सगळ्यात लाडका हरलेला खटला अमेरिकेतला. काळ्यांना रेल्वेत वेगळा डबा होता. एक जण मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला, अटक करून घेतली आणि वरच्या कोर्टापर्यंत हरला. सोय सारखीच असेल तर डबा वेगळा असायला हरकत काय, असं कोर्ट म्हणालं. पुढे अर्ध्या शतकाहून जास्त काळ माणसं एकेक दावा लावत राहिली, तेव्हा कुठे शाळांच्या खटल्यात त्याच कोर्टाने कबूल केलं, की वेगळं ठेवणं हाच अन्याय. सर हे अशा थाटात सांगत, जणू सगळं कुर्डुवाडी स्टेशनावर त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

सर मूळचे अक्कलकोटकडचे. घरी कन्नड, कोर्टात मराठी आणि वैताग आला की दोन्हीकडे "अय्यो". जातीपातीच्या भेदभावाचे दावे फी न घेता का चालवता, असं मी एकदा विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "आमच्याच घरी पडवीच्या कोनाड्यात गड्याचा कप वेगळा होता. लहानपणी मीच तो त्याच्या हातात न देता खाली ठेवायचो."

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले, त्याच महिन्यात शांतारामकाका आले. वेळापूरच्या पलीकडच्या एका गावात शिवणकाम करायचे. मुलीचं, प्रियांकाचं लग्न ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये करायचं होतं. पण बौद्धवस्तीतल्या कुणालाही तो हॉल आजवर मिळाला नव्हता. तोंडावर 'नाही' कुणीच म्हणत नसे. दर वेळी "त्या दिवशी दिलाय" एवढंच.

सरांनी दाव्याची घाई केली नाही. काकांना म्हणाले, दर महिन्याला एका तारखेसाठी लेखी अर्ज करा आणि लेखी उत्तर घ्या. तारखा सर स्वतः पंचांग उघडून काढत. मला वाटलं, म्हातारा मुहूर्त काढतोय. काका संकोचून म्हणाले, "सायेब, आमाला मुहूर्त लागत न्हाय."

"म्हणूनच," सर म्हणाले.

सातव्या अर्जात त्यांनी सर्वपित्री अमावस्या घातली. ग्रामसेवकाच्या हाताला सवयच लागली होती. त्याने याही अर्जावर लिहिलं, 'सदर दिवशी हॉल लग्नकार्यासाठी दिलेला आहे', आणि खाली शिक्का मारून दिला.

मग दावा लागला. माळशिरसच्या कोर्टात उलटतपासणीला सरांनी तो कागद ग्रामसेवकाच्या हातात दिला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, पितृपक्षात, त्यातही सर्वपित्रीला, तुमच्या गावात लग्न कुणाच्या घरी होतं? ग्रामसेवकाने कागद उलटसुलट करून आपलाच शिक्का तपासला. मागच्या बाकावरचं गाव आधी हसलं आणि मग एकदम गप्प झालं.

पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी तडजोड आणली. वस्तीसाठी नवा हॉल बांधून देतो. तेवढाच मोठा, शिवाय फरशी आणि स्वयंपाकघर जास्तीचं. मी हुरळून गेले. दोन हॉलची लांबी-रुंदी, पंखे, नळ सगळं सारखं येईल असा मसुदा रात्रीतून लिहिला आणि सकाळी सरांपुढे शाबासकीसाठी ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "अय्यो, अख्खी ट्रेन शिकवली की गं तुला," एवढंच म्हणाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण निर्णय त्यांनी घेतला नाही. काकांना बोलावून सगळं समजावलं: हे घेतलं तर लग्न वेळेत होईल, नाही घेतलं तर किती तारखा पडतील सांगता येत नाही, आपण हरूही शकतो. काकांबरोबर प्रियांकाही आली होती. काका तिच्याकडे बघत राहिले.

तीच म्हणाली, "चांगला असंल की नवा हॉल. पण गावाचा न्हाय त्यो. मी थांबते."

पोरगी दोन वर्षं थांबली. होणाऱ्या नवऱ्यानेही कुरकुर केली नाही. निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा सर आजाराने घरीच होते. मी फोनवर निकाल वाचायला घेतला, तर मध्येच तोडून म्हणाले, "ते राहू दे. लग्न कधी, ते सांग."

लग्नाच्या अकरा दिवस आधी सर गेले.

लग्नाला मी एकटीच गेले. ग्रामसेवकाने आदल्या दिवशीच झाडून घेऊन किल्ली दिली होती. गावातली निम्मी माणसं आलीच नाहीत, पण निम्मी आली आणि वस्तीच्याच पंगतीत जेवली. विधी आटोपल्यावर काका हॉलच्या मधोमध एकटेच उभे दिसले. वर छताकडे बघत होते. एक पंखा बंद होता, भिंतीला ओल आली होती.

मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "वकीलबाई, जल्म गेला भायेरनं बगण्यात. वाटायचं, आत लई कायतरी असंल. साधाच हाय की ओ."

आम्ही दोघंही हसलो. आणि हसता हसता मला सरांची इतकी आठवण आली, की तिथेच भिंतीला टेकून मी रडून घेतलं.