यामे अजून झालं नाही

भटू सर पडले आणि आम्ही कोणी हललोच नाही. डिंडोलीतली आमच्या बिल्डिंगची गच्ची, संध्याकाळ, कराटेची पोरं लाईनीत, अन् मागे मी पण, ड्रेसवर पांढरा पट्टा बांधून, घोड्यावर बसल्यासारखी गुडघे वाकवून. सरांचा नियमच होता, ते 'यामे', म्हणजे थांबा, म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही, काही पण होऊ दे. त्यात पांढऱ्या पट्ट्याला आधी पडायलाच शिकवतात. सर रोज धपकन पडून दाखवायचे अन् हसत उठायचे. आम्हाला वाटलं, आता उठतील... पाय थरथरायला लागले तरी तसेच. शेवटी माझी दिपू, दुसरीतली, लाईन तोडून त्यांच्याकडे पळाली. "मम्मी, सर डोळे नाही उघडत!" मग मी ओरडले. दवाखान्यात नेलं, पण सर गेलेले होते.

महिना होऊन गेला. रडू येत नाही. भाकरी थापते, साड्यांना टिकल्या चिकटवते, चालू आहे सगळं.

मी आधी नुसती दिपूला सोडायला जायची. जिन्यात कुत्रं भुंकलं की तिच्याच मागे लपायची. ते सरांनी पाहिलं. दिवसभर लूमच्या खात्यात कापड विणत उभा राहून आलेला माणूस, तरी मस्करी सुटायची नाही. "ये व माय, तू बी लाईनीत ये. पोरगी किती दिवस वाचवेल तुला?" मी म्हटलं, सर, मी सातवी नापास, मला काय येणार? "इथं सगळे पांढऱ्यापासूनच. पांढऱ्यात पडायचं, पिवळ्यात नीट उभं राहायचं, मग हिरवा, ब्राऊन..." अन् काळ्यात? तर पोटावर हात मारून म्हणे, "काळ्यात हे सुटतं!"

सर गेले त्याच्या पुढच्याच रविवारी दिपूला पिवळा मिळणार होता. नवा पट्टा सर स्वतः गुडघ्यावर बसून बांधायचे. तो त्यांच्या पिशवीतच राहिला, त्यांच्या बायकोने, वहिनींनी, आणून दिला. दिपू हात लावत नाही. रोज संध्याकाळी गच्चीवर जाते अन् तशीच गुडघे वाकवून उभी राहते. "मी लाईन तोडली ना, म्हणून सर उठले नाहीत." अगं, तू एकटीनेच तर बरोबर केलं... सांगून थकले. खाली चल म्हटलं तर म्हणते, "यामे कुठं झालं अजून?"

तो शब्द शिकवणाऱ्यानेच म्हणायचा असतो. माझा तर पट्टा पांढरा. काल मी तिच्यासमोर, सर उभे राहायचे तिथंच जाऊन उभी राहिले. तिचे गुडघे थरथरत होते. मी 'या' म्हटलं... अन् तिथंच थांबले. म्हटलं तर सर खरंच गेले. नाही म्हटलं तर पोरगी तशीच उभी. तुम्ही माझ्या जागी असता तर म्हटलं असतं का?