मामांनी ओळखलेली खरपुडी

मंडळी, शिक्रापुरात आमच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी बी पेरून लावलेल्या खरपुडीला आज पहिलं फूल आलं. हा वेल उन्हाळ्यात पार वाळतो, पण मातीतला कंद पाण्याविना जिवंत राहतो.

नेमके आजच खुटबावचे माझे मामा आले होते. कुंडी बघून म्हणाले, "आगं, ही तर खरपुडी! शेरडं राखताना माळावर उकरून कच्चीच खायचो. आता कुठंच दिसत न्हाई."

"कशानं संपली, मामा?"

"आम्हीच खाल्ली की. एक कंद म्हणून मागं ठेवला न्हाई."

निघताना म्हणाले, "शेंगा धरल्या की बी दे, पोरी. माळावर टाकतो. आता उकरणार न्हाई."

बी द्यायला मी स्वतः खुटबावला जाणार आहे. तुमच्या माळावर खरपुडी अजून दिसते का?