चार बोटं उंच

हौसाला रागवायला कारण लागत नाही, असं तिचा मुलगा प्रदीप चारचौघांत सांगत फिरतो. लबाड आहे तो. या वेळचं कारण तर त्यानंच घरात आणून बसवलं होतं.

शिरढोणचं घर बांधलं तेव्हा गवंड्यानं हौसाला उभी करून ओट्याची उंची ठरवली होती. हौसा ठेंगणी, म्हणून ओटा बेतानं खाली, वर काळा कडप्पा. तांदळाच्या पिठाची उकड गरम असतानाच मळावी लागते, आणि तीही अंगाचा भार टाकून. आळीत कुणाची हळद असली की भाकऱ्या करायला बायका हौसाकडेच जमायच्या आणि पहिली उकड हौसाच मळायची. मिरवावं असं आयुष्यात तिला दुसरं काही मिळालं नव्हतं. हा मान मात्र तिचा होता.

ती लेकीकडे करंजा गावी गेली, सून स्नेहा माहेरी गेली, आणि प्रदीपनं डाव साधला. कडप्पा फोडायची कटकट नको म्हणून वरूनच प्लायवूड ठोकलं आणि त्यावर पनवेलच्या शोरूममधला पांढराशुभ्र क्वार्ट्झचा दगड बसवला. ओटा चार बोटं वर आला. दोघी रात्री उशिरा परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या कुमुदच्या मुलाची हळद होती.

सकाळी बायका जमल्या. हौसानं परातीत उकड घेतली, हात घातले, पण जोरच लागेना. टाचा उंचावून पाहिल्या, तरी गुठळ्या तशाच. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"आई, पाटावर उभी राहा ना," प्रदीप दारातून म्हणाला.

हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्याच घरात मी पाटावर चढू? बायकोच्या हौसेपायी आईला बुटकी ठरवलीस!" परात उचलून ती तरातरा कुमुदकडे निघाली. बायकाही मागोमाग गेल्या.

कुमुदच्या ओट्यावर ती उकड रगडत होती, तोच पिठाचा डबा घेऊन स्नेहा आली. हौसानं तोंड फिरवलं. "तू जा. तुझ्या गोऱ्या ओट्यावर कर."

"आई, मी तुमच्याहून बुटकी हाय." स्नेहानं डबा ओट्यावर आपटला. "मना कुठं इचारलं? माप घेताना हे सोताच उभे राहिले. यांनी कधी चहा तरी टाकलाय तिथं?"

हौसा थांबली. सुनेवर उगाच तोंड टाकलं याची तिला लाज वाटली, आणि त्या लाजेनं राग दुप्पट झाला. वाफाळती परात तशीच उचलून ती घरी आली आणि प्रदीपसमोर ओट्यावर आदळली.

"तुझ्या मापाचा हाय ना? मळ."

प्रदीप हसत मागे सरला, तर दारात स्नेहा उभी आणि तिच्यामागे सगळी आळी. शेवटी त्यानं हात घातला नि झटक्यात मागे घेतला. "आई, भाजतंय!"

"भाजतंच. गार झाली का भाकरी फुटते. मळ."

स्नेहानं त्याच्यासाठी दुसऱ्या उकडीचं आधण ठेवलं.