दुसऱ्या खेपेला जागे झालेले

आपलं काम काय, हे ताई घरी एकदाच नीट सांगायला बसल्या होत्या. एचआयव्हीचा विषाणू काही पांढऱ्या पेशींत शिरून झोपून राहतो, त्याला उठवायचं औषध आम्ही शोधतोय, एवढं त्या म्हणाल्या आणि सासूबाईंनी विचारलं, "झोपलेल्याला उठवायचा पगार मिळतो? मग आधी या नातवाला उठवून दाखव, रोज शाळेला उशीर करतो." सगळे हसले. ताईही हसल्या, आणि पुढचं सांगायचं राहूनच गेलं.

राहिलं ते असं. रोजच्या गोळ्या विषाणूला नवी पिल्लं काढू देत नाहीत. पण जो पेशीच्या डीएनएतच जाऊन बसलाय आणि काहीच करत नाही, त्याच्यावर गोळी कसली चालणार? तिथे डीएनए प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो, त्यामुळे पेशी विषाणूचा मजकूर वाचतच नाही. माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो, रक्तात काही सापडत नाही. गोळ्या बंद केल्या की काही आठवड्यांत ये रे माझ्या मागल्या. म्हणून ताईंच्या प्रयोगशाळेतल्या सरांचं म्हणणं असं, की ही गुंडाळी सैल करून त्याला जागं करायचं. जागा झालेला दिसतो, आणि दिसला की शरीर ती पेशी मारू शकतं.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हे छान जमायचं. तिथला विषाणू जागा झाला की पेशी हिरवी चमकते, अशी सोय केलेली होती. औषध टाकलं की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवंगार. पण या पेशी म्हणजे घरची मांजरं, बोलावलं की येणारी. खऱ्या माणसाच्या पेशींत तेच औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मात्रा वाढवली, तर विषाणू झोपलेलाच आणि पेशी मेलेल्या.

या खऱ्या पेशी यायच्या एका रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरकडून. प्रयोगशाळा ज्या इस्पितळात होती, तिथेच तो गाडी चालवायचा. ऐन तरुणपणी लागण झाली, तेव्हापासून गोळ्या चालू. दोन्ही हातांत सुया घेऊन तो तासन्‌तास खुर्चीत बसायचा. यंत्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून घ्यायचं आणि बाकीचं रक्त परत सोडायचं. नाक खाजवायची पंचाईत व्हायची. मग ताईच टिशू घेऊन त्याचं नाक पुसायच्या. "ताई, बायकोनेही एवढी सेवा केली नाही," असं तो म्हणायचा. त्याला एकच गोष्ट हवी होती, गोळी सुटायला हवी. बायकोच्या माहेरी काही माहीत नव्हतं, आणि तिकडे गेलं की दर वेळी डबी लपवायची त्याला लाज वाटायची.

बरीच वर्षं अशी गेली. ताई घरी चिडचिड करू लागल्या. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, त्याच्यावर त्या एकदा इतक्या ओरडल्या की नवरा शांतपणे म्हणाला, "तो निदान गळतो तरी. राग विषाणूचा आहे, नळाचा नाही."

मग एकदा त्यांनी दोन औषधं एकत्र करून पाहिली. ड्रायव्हरच्या पेशींत विषाणूचा आरएनए, म्हणजे तो जागा झाल्याची खूण, यंत्रावर असा चढला की त्यांनी नमुना बदललाय का ते दोनदा तपासलं. बदलला नव्हता. सर स्वतः चहा घेऊन आले. आणि त्याच दुपारी पार्किंगमध्ये ड्रायव्हर भेटला, तेव्हा ताईंना राहवलं नाही.

"दादा, उठला."

तो गाडीचं दार लावायचं विसरून तिथेच उभा राहिला.

आता पुढचा प्रयोग सोपा होता. त्याच पेशी धुऊन, काही दिवस विसावा देऊन, पुन्हा तीच दोन औषधं द्यायची. उठायचे ते उठून गेले असतील, तर या वेळी कोणी उठायला नको. पण उठले. पहिल्या खेपेला गाढ झोपून राहिलेले विषाणू दुसऱ्या खेपेला जागे झाले, तिसऱ्या खेपेला आणखी निराळे. कोण कधी उठेल याला काही नियमच दिसेना. शिवाय पहिल्या खेपेला जागे झालेल्यांपैकी बऱ्याच पेशी मेल्याच नव्हत्या. विषाणूचे चार तुकडे बनवून त्या पुन्हा गप्प झाल्या होत्या.

सर म्हणाले, हेही उत्तरच आहे, छापण्यासारखं आहे. ताईंना ते ऐकून संताप आला. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि हे ताट छान होतं म्हणताहेत. त्या हातमोजे काढून बाहेर पडल्या आणि जिन्यात जाऊन बसल्या.

ड्रायव्हरला सांगणं टाळता येण्यासारखं नव्हतं. तो गाडीतलं स्ट्रेचर पुसत होता. ताईंनी सगळं सांगितलं, काही सजवलं नाही.

"म्हणजे गोळी चालूच," तो म्हणाला.

"चालूच. एक दिवससुद्धा चुकवू नका."

"बायकोला सांगून बसलोय मी. ती रडली आनंदाने." त्याने फडका पिळला. "तुम्ही थांबायला हवं होतं, ताई."

पुढच्या वेळी तो रक्त द्यायला आला नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. दुसऱ्या लोकांच्या पेशींवर काम चालू राहिलं, तेच निकाल येत राहिले. नोकरी सोडायचं ताईंनी दोनदा बोलून दाखवलं. नवऱ्याने दोन्ही वेळा, सोड, म्हटलं. दोन्ही वेळा त्या सकाळी कामावर गेल्या.

थंडी सुरू झाली तेव्हा ड्रायव्हर आपणहून आला. खुर्चीत बसला, बाह्या वर केल्या. ताईंनी त्याला आधी ऐकून घ्यायला लावलं. आता बरा करायचा प्रयोग नाही, उशिरा उठणारे डीएनएत नक्की कुठे बसलेत तेवढंच बघायचंय, आणि त्यातून त्याच्या हयातीत काही निघेल असं त्या सांगू शकत नाहीत.

"गोळी आत्ताच घेऊन आलोय," तो म्हणाला. "लावा सुया. आणि पांघरूण द्या काहीतरी, ही खोली फार गार आहे."

ताईंनी दोन पांघरुणं आणली. यंत्र सुरू झालं.